खरवस उद्याचा, आजचा चीक वासराचा

गाय व्यायली की घरातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर आधी खरवस येतो. गुळाचा, वेलची-जायफळ घातलेला, ताटलीत थरथरणारा. त्याच वेळी गोठ्यात ओलं वासरू पाय फाकवून उभं राहायची धडपड करत असतं. मुलांना जनावरांच्या आरोग्याचा पहिला धडा द्यायचा असेल तर तो याच तासात द्यावा. चिकावर दोघांचाही डोळा असतो आणि विज्ञान ठामपणे वासराच्या बाजूने आहे.

माणसाचं मूल आईच्या पोटात असतानाच तिची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, घेऊन जन्माला येतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची बांधणी वेगळी असते. तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत. म्हणजे वासरू या बाबतीत रिकाम्या हातांनी जगात येतं आणि त्याची सगळी शिदोरी चिकात असते. जन्मल्यावर काही तासच वासराचं आतडं ही प्रतिपिंडं जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं. पहिल्या सहा तासांनंतर ही ताकद भराभर घटते आणि २४ तासांनी जवळजवळ संपते. म्हणून हिशोब असा: वजनाच्या एक दशांश चीक पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या तास-दोन तासांत. ‘वार पडल्याशिवाय धार काढायची नाही’ ही समजूत अजून बऱ्याच गावांत आहे. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढ्यात वासराची सगळ्यात मोलाची वेळ निघून जाते. चीक पाजण्यासाठी वार पडायची वाट बघावी लागत नाही. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं, कास कोमट पाण्याने पुसायची आणि वासराला सडाला लावायचं.

मुलाला मापाचं भांडं हातात द्या आणि हे अडीच लिटर त्यालाच मोजू द्या. वासराचा वाटा पुरा झाल्यावर उरेल त्याचा खरवस करा. जे मूल हा हिशोब एकदा करतं, त्याला ‘रोगप्रतिकारशक्ती’ या लांबलचक शब्दाची भीती राहत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. पशुरोगांवरचं संशोधन प्रयोगशाळेत होतं, पण लस लागू पडते की वाया जाते हे गोठ्यात ठरतं. गोठ्यात होणाऱ्या चुका मोठ्या गहन नसतात, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहज कळतील अशाच असतात. शाळेतून आपण मुलांना नियमांची यादी देतो: लस टोचून घ्या, गोठा स्वच्छ ठेवा, हात धुवा. यादी पाठ होते आणि विसरली जाते. त्याऐवजी प्रत्येक नियमामागचं कारण हाताने करून दाखवा आणि मुलांना मोजायला काहीतरी द्या. पाचवी ते आठवीच्या वर्गात करता येतील अशा काही गोष्टी खाली तपशिलात देतो.

चिकापासूनच पुढे जाऊ. आईची प्रतिपिंडं वासराला सांभाळतात, पण तीच पुढे लसीच्या आड येतात. फार लहान वासराला लस टोचली तर ही उसनी प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूला आधीच पकडून निकामी करतात आणि वासराच्या शरीराला स्वतः काही शिकायची संधीच मिळत नाही. म्हणून लाळ्या खुरकुताची पहिली लस साधारण चार महिन्यांच्या वयात, त्यानंतर महिन्याभराने दुसरा डोस, आणि मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प (जनावराचा घसा सुजवणारा रोग) आणि फऱ्या (मांडी-खांद्याचे स्नायू सुजवणारा रोग) यांची लस पावसाळ्याच्या तोंडावर. या दोन्ही रोगांना पावसाचं निमित्त लागतं. फऱ्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून असतात. पाऊस, चिखल आणि खालपर्यंत ओढून खाल्लेलं गवत यांतून ते पोटात जातात. सहा महिने ते दोन-तीन वर्षांची, चांगली भरलेली तरणी जनावरं याला आधी बळी पडतात. घटसर्प म्हशींना जास्त छळतो. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून मृग लागायच्या किमान तीन आठवडे आधी हे काम संपायला हवं. पहिला पाऊस पडून गेल्यावर दवाखान्यासमोर लागणारी रांग उशिराची असते. शेळ्यांच्या आंत्रविषाराचं गणितही असंच आहे. पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत अधाशासारखं खाल्लं की आतड्यातला जंतू बेसुमार वाढून विष सोडतो, आणि संध्याकाळी ठणठणीत असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं.

आता मुलं हमखास विचारतात तो प्रश्न. ‘आम्हाला काही लसी एकदाच दिल्या, मग आमच्या गायीला दर सहा महिन्यांनी का?’

याचं उत्तर देताना बुळकांड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकेकाळी हा रोग आला की गावंच्या गावं बैलांवाचून ओस पडायची. तोंडात व्रण, डोळ्यांतून पाणी, सडलेल्या वासाची हगवण आणि आठवड्याभरात मरण. आपल्या देशातली पशुरोग संशोधनाची पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे ती मुक्तेश्वरच्या डोंगरात हलवली गेली, आणि आज तीच संस्था बरेलीजवळ इज्जतनगर इथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून काम करते. तिच्या सुरुवातीच्या काळातला मोठा शत्रू बुळकांड्याच होता. २०११ मध्ये हा रोग साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी आणि जनावरांचा बुळकांड्या, असे दोनच रोग आजवर माणसाने पृथ्वीवरून पुसले आहेत. बुळकांड्याचं नावही न ऐकलेली पिढी आज शाळेत बसली आहे, आणि लसीने काय साधतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

तो संपला यामागे कारणं होती. त्याचा विषाणू लसीच्या दृष्टीने एकाच जातीचा होता, एका लसीने जन्मभराचं संरक्षण मिळायचं, आणि बरं झालेलं जनावर विषाणू अंगात लपवून फिरत नसे. लाळ्या खुरकुतात नेमकं उलटं आहे. त्याचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात म्हणून आपल्या लसीत हे तिन्ही असतात. त्यातला विषाणू मारलेला असतो. मेलेला विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळे त्याची आठवणही लवकर पुसट होते. बरी झालेली गाय महिनोन् महिने घशात विषाणू बाळगू शकते, शिवाय डुकरं आणि रानातली जनावरंही त्याला आसरा देतात. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा सुई. केंद्र सरकारने २०१९ पासून लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (गाभण जनावर गाभडवणारा रोग) यांसाठी देशभर मोफत लसीकरण सुरू केलं आहे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग मात्र बुळकांड्याच्याच कुळातला असून त्याच्या वाटेने जाण्यासारखा आहे. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की एक मिलिलिटर कातडीखाली, आणि तीन वर्षं निश्चिंती. २०३० पर्यंत तो जगातून संपवायचं उद्दिष्ट ठरलेलं आहे.

लस बिघडते कशी, हे दाखवायला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याला लागणारं सगळं सामान किराणा दुकानात मिळतं.

जंतू मारून केलेल्या अनेक लसी तुरटीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पांढऱ्या गाळावर बांधलेल्या असतात. घटसर्पाची तुरटीवाली लस त्यातलीच. हा गाळ वर्गात करता येतो. २०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा तुरटीची पूड विरघळवा. दुसऱ्या भांड्यात अर्धा पेला पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. मोठ्या पातेल्यात तुरटीचं पाणी घेऊन त्यात सोड्याचं पाणी थोडं थोडं ओता. फेस उसळतो, म्हणून भांडं मोठंच हवं. फेस थांबेपर्यंत ओतत राहा. पाणी दुधाळ होतं आणि तासाभरात तळाशी ढगासारखा मऊ गाळ बसतो. वरचं नितळ पाणी ओतून टाका, नवं पाणी घाला, हलवा. आता हे दुधाळ पाणी दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्यांत सारखं भरा. बाटल्या पाऊणच भरा, नाहीतर बर्फ फुगून फुटतील. एक बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दुसरी रात्रभर बर्फाच्या खणात.

सकाळी गोठलेली बाटली बाहेर काढून पूर्ण वितळू द्या. नंतर दोन्ही बाटल्या पंधरा सेकंद जोरात हलवा आणि शेजारीशेजारी टेबलावर ठेवा. न गोठलेल्या बाटलीत ढग बराच वेळ तरंगत राहतो. गोठलेल्या बाटलीत मात्र रव्यासारखे कण दिसतात. ते सरसर खाली बसतात आणि काही मिनिटांत वर स्वच्छ पाणी उभं राहतं. कितीही हलवा, पहिला मऊपणा परत येत नाही. बर्फाचे स्फटिक होताना गाळातलं पाणी पिळून निघतं आणि कण एकमेकांना चिकटतात. लसीतही हेच होतं. माणसांच्या लसी गोठल्या की नाही हे आरोग्य कर्मचारी हलवून पाहतात, ते याच तत्त्वावर.

उष्णतेची बाजू दाखवायला अंडं पुरतं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक आणि उकडलेल्याचा. उकडलेला परत कच्चा करता येत नाही, तसंच गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेली लस संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवून सुधारत नाही. म्हणून २ ते ८ अंश सेल्सिअस. फ्रिजच्या दारात ठेवायची नाही, कारण दार उघडझाप होतं. बर्फाच्या खणाला टेकवायची नाही. थंडपेटीत ठेवायच्या बर्फाच्या पट्ट्या खणातून काढल्या की लगेच आत घालायच्या नसतात. पट्टीला बाहेरून घाम येऊ द्यायचा, कानाजवळ धरून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग ती ठेवायची. गावात लस घेऊन येणाऱ्याची पेटी मुलांनी बघावी, त्यांना ती जरूर दाखवावी. सातवीतल्या मुलीने ‘काका, पट्टीला घाम आला होता का?’ असं विचारलं तर त्यात आगाऊपणा कसला? त्या प्रश्नावर अख्ख्या गावाच्या लसीकरणाचं फळ अवलंबून आहे.

जिवंत लसींची तऱ्हा आणखी वेगळी. लम्पीचं उदाहरण घेऊ, कारण ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ मध्ये, आजच्या झांबियात. भारतात आला २०१९ मध्ये, ओडिशात. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून त्याची मोठी लाट उठली. जनावरांचे बाजार बंद झाले, पोळ्याच्या मिरवणुका थांबल्या. तेव्हा हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू जवळचे भाऊबंद, त्यामुळे एकाची ओळख दुसऱ्यालाही रोखते. त्याच महिन्यात हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या साथीने केलेली खास लम्पीची लस जाहीर झाली. २०१९ मध्ये रांचीच्या गायींतून घेतलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर एकामागून एक पन्नास वेळा वाढवला. परक्या घरात पन्नास पिढ्या राहिलेला हा विषाणू गायीत रोग करायचं विसरला, पण त्याचा चेहरा तोच राहिला. गायीचं शरीर तो चेहरा लक्षात ठेवतं. मुलांना हे इतकंच सांगितलं तरी डोळे चमकतात.

आता यातली चूक. जिवंत लसीतला विषाणू जिवंत राहिला तरच उपयोग. सुई टोचायच्या जागी स्पिरिटचा ओला बोळा फिरवून लगेच लस टोचली, किंवा सिरिंज जंतुनाशकाने धुऊन तशीच वापरली, तर लस तिथल्या तिथे मरते. करणाऱ्याला वाटतं आपण स्वच्छता पाळली. स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं, सिरिंज उकळून थंड केलेली किंवा नवी असावी, आणि प्रत्येक जनावराला वेगळी सुई. लम्पीच्या साथीत एकाच सुईने अख्खी दावण टोचणं म्हणजे गोमाशीचं काम आपण हाताने करणं. लसीची पूड द्रावकात मिसळल्यावर ती बाटली सावलीत, बर्फावर ठेवायची आणि दोन तासांत संपवायची. उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही.

लस टोचल्यावर एक-दोन दिवस कणकण, दूध थोडं कमी, टोचल्या जागी गाठ, हे चालतं. ‘लसीने गाय आटते’ ही तक्रार इथूनच येते. धारेचं माप रोज लिहिणाऱ्या घरात चार-पाच दिवसांत आकडा परत वर आलेला वहीतच दिसतो, वाद घालावा लागत नाही.

रोग पसरतो कसा, यासाठी हळदीचा खेळ. हळदीत चुना पडला की कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीस मुलं, तीस पेले, प्रत्येकात अर्धा पेला पाणी. एकाच पेल्यात, कोणाला न कळवता, एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवलेला. प्रत्येकाने एक जोडीदार शोधायचा, एकाचं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, हलवायचं आणि परत निम्मं निम्मं करायचं. अशा तीन फेऱ्या. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी प्रत्येक पेल्यात बुडवायची. एकापासून तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ पट्ट्या लाल होतात, चौथ्या फेरीला सोळा. बोअरच्या क्षारट पाण्याने पट्टी आपोआपच लालसर होऊ शकते, म्हणून खेळाआधी नुसत्या पाण्यात एक पट्टी बुडवून बघा. सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका. नंतर सगळ्यांनी हात धुवायचे.

दुसऱ्या डावात वीस पेल्यांवर बशी झाका. ही लस टोचलेली जनावरं. जोडी झाकलेल्या पेल्याशी जमली तर ती फेरी फुकट. रोग बहुतेक वेळा एक-दोन पेल्यांतच अडकून पडतो. आणि आता तिसरा डाव, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. तेच वीस पेले झाकलेले, पण उघडे दहा एका कोपऱ्यात, आपसातच अदलाबदल करणारे. पुन्हा लाल पट्ट्यांची रांग लागते. गावात तीनातल्या दोन जनावरांना लस टोचली, तरी राहिलेली सगळी एकाच वस्तीवर असली की साथ तिथे पेटते. लांबची वाडी, भाकड म्हणून वगळलेल्या गायी, मोकाट फिरणारे गोऱ्हे, चराईला गेलेला मेंढ्यांचा वाडा. खेळानंतर मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या आणि जिथे जिथे लस पोहोचली नाही ते गोठे लाल रंगवायला सांगा. तो नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावण्याच्या लायकीचा होतो.

या खेळात रोग झालेला धुण्याचा सोडा खऱ्या गोठ्यात औषध आहे, हे मुलांना सांगायला विसरू नका. लाळ्या खुरकुताच्या विषाणूला आम्ल सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही सोसत नाही. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून चपला, चाकं, गव्हाण, दोर धुतले की विषाणू मरतो. रबरी हातमोजे घालून, आणि अॅल्युमिनियमची किटली यात बुडवायची नाही, ती काळवंडते आणि खराब होते. आधी शेण खरवडून काढा, कारण शेणाच्या थराखाली सोडा पोहोचत नाही. लम्पीसाठी मात्र सोडियम हायपोक्लोराइटचं दोन टक्के द्रावण वापरतात, आणि गळून पडलेल्या खपल्या जाळून टाकायच्या. वाळलेल्या खपलीत तो विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो.

आता वही. पत्र्याच्या दाराला दोरीने बांधलेली साधी शंभर पानी वही पुरते. रोजची नोंद चार गोष्टींची: चारा संपवला का, रवंथ, शेण कसं आहे, दुधाचं माप. रकाने वाढवले की आठवड्यात वही बंद पडते.

यात सगळ्यात गोडी लागते ती रवंथ मोजायची. गाय बसलेली असताना तिच्या मानेकडे बघा. खालून वर एक गोळा चढत येताना कातडीखाली स्पष्ट दिसतो. तो तोंडात आला की जबडा आडवा फिरू लागतो. मोजा: चाळीस, पन्नास, साठ. मग गिळते, गोळा खाली जाताना दिसतो, दोन-चार सेकंद सगळं थांबतं आणि पुढचा गोळा निघतो. प्रत्येक गायीचा आकडा वेगळा असतो. आपल्या कपिलेचा नेहमी पन्नासच्या आसपास असेल आणि आज तीसवरच गिळत असेल, किंवा खाऊन दोन तास झाले तरी रवंथच नसेल, तर काहीतरी बिनसलं आहे. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरली तर पोटाची लाट हाताला लागते, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा.

ताप मोजणं मोठ्यांच्या देखरेखीतच. गाय बांधलेली, एक मोठं माणूस डोक्याशी, मूल बाजूला उभं, कधीही पाठीमागे नाही. थर्मामीटरला दोरा आणि चिमटा लावून तो चिमटा शेपटीच्या केसांना अडकवायचा, म्हणजे आत जात नाही आणि पडून फुटत नाही. टोकाला तेल लावून गुदद्वारात दोन-अडीच इंच, जरा तिरपं, आतल्या भिंतीला टेकेल असं. शेणात रुतलं तर आकडा कमी येतो. ही नेहमीची चूक आहे. गायीचं साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट, म्हशीचं थोडं कमी, शेळीचं १०२.५ ते १०३.५. सकाळी, सावलीत. उन्हात उभ्या म्हशीचा ताप दुपारी मोजून घाबरायचं कारण नाही. गाय १०३ च्या वर गेली की फोन करायचा. लम्पीत ताप आधी येतो, गाठी नंतर. लाळ्या खुरकुतातही लाळ गळायच्या आधी ताप आणि दुधाची घट दिसते. हे एक-दोन दिवस आधी कळले तर ते जनावर वेगळं बांधता येतं, त्याची बादली वेगळी करता येते, आणि उरलेल्या दावणीचं नशीब बदलतं.

गोचिडांबद्दल थोडक्यात. टम्म फुगलेली एक मादी चिमट्याने काढून काचेच्या बाटलीत टाका, तोंडाला कापड घट्ट बांधा आणि वर्गात ठेवा. काही दिवसांत ती नाचणीपेक्षा बारीक, तपकिरी, चकाकत्या अंड्यांचा ढीग घालून मरते. दोन हजारांच्या वर अंडी. बघून झालं की बाटलीत उकळतं पाणी ओता. एवढं बघितलं की गोचीड बोटांनी चिरडून अंगणात फेकण्यात काय चुकतं ते सांगावं लागत नाही, आणि फक्त गायीवर फवारून भागत नाही हेही कळतं, कारण अंडी भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीखाली असतात. फवारणी मोठ्यांनीच करायची, लेबलावरच्या मापाने, जनावराला आधी पोटभर पाणी पाजून, म्हणजे ते अंग चाटत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण नवी पिढी तोवर वर चढते.

आणि आता जिथे मुलांचे हात अजिबात लागू नयेत त्या जागा. इथे मी कडक आहे.

गाय एकाएकी खात नाही, सारखी लाळ गळते, घशात काही अडकल्यासारखं करते, विचित्र हंबरते. घरातलं कोणीतरी तिच्या तोंडात हात घालून बघतं. ही रेबीज असू शकते, आणि लाळेत विषाणू असतो. हात घालायचा नाही, बघायलाही नाही. लाळ जखमेला लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

गाभण गाय गाभडली तर ते पिल्लू आणि वार उघड्या हातांनी उचलायची नाही, कुत्र्यांना टाकायची नाही. ब्रुसेलोसिसचे जंतू त्यात खच्चून भरलेले असतात, आणि माणसाला महिनोन् महिने उतरचढ करणारा ताप आणि सांधेदुखी देतात. कच्चं दूध पिण्यातही हाच धोका, म्हणून धारोष्ण दुधाची हौस सोडून उकळूनच प्यायचं. कालवडींना आणि पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदा याची लस टोचतात. तीही जिवंत आहे, म्हणून टोचणारा हातमोजे आणि चष्मा घालतो. त्या वेळी मुलांनी लांब थांबायचं.

धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर तो फाशी हा रोग, म्हणजे अँथ्रॅक्स. कातडं काढायचं नाही, पोट फाडायचं नाही. बंद शरीरात जंतू कुजण्याबरोबर मरतात, पण हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात.

लम्पी माणसाला होत नाही, हे मात्र मुलांना निक्षून सांगा. २०२२ मध्ये या भीतीपायी कितीतरी घरांत चांगलं दूध फेकलं गेलं.

वहीच्या पहिल्या पानावर १९६२ हा पशुआरोग्य सेवेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचा. फोन करताना ‘गाय आजारी आहे, लवकर या’ एवढं सांगून पलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. मुलाने वही समोर धरून वाचावं: गाय की म्हैस, वय, गाभण आहे का, ताप किती, रवंथ कधी थांबली, शेण कसं आहे, दूध कालच्यापेक्षा किती कमी, शेजारच्या गोठ्यात कोणी आजारी आहे का, शेवटची लस कुठल्या तारखेला टोचली, आणि कानातल्या बिल्ल्यावरचे बाराही आकडे, एकेक करून.